रास्पबेरी पायवरचं संगीत अ‍ॅपमधून मधेच गायब होतंय, मदत हवी

सुरपेटी (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे डोकं लावतोय आणि आता हात टेकले म्हणून इथे लिहितोय, लांबलंय तरी कृपया पूर्ण वाचा.

हॉलमध्ये दोन वर्षांपासून रास्पबेरी पाय ४ (छोटासा कॉम्प्युटर) आहे, त्याला छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा ध्वनीचा सिग्नल करणारं उपकरण), पुढे बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. यूएसबी डिस्कवर बाबांच्या कॅसेट मी एकेक करून भरल्यात, साधारण ३०० तासांचं गाणं, सगळं फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार). पायवर एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम) आहे, सोबत डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून गाणी शोधून वाजवायची पद्धत) सर्व्हर आणि रेंडरर (म्हणजे वाजवणारा भाग), शिवाय बायकोच्या आयफोनसाठी एअरप्ले (आयफोनवरून गाणं पाठवायची सोय). बाबा ७६ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून अँड्रॉइड टॅबवर कंट्रोल अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरात याद्या करून दिल्यात. सकाळी सहाला उठले की ललत नाहीतर तोडी लावतात आणि मग चहा.

दिवाळीत जुनं इंटरनेट कनेक्शन बंद करून फायबर घेतलं. तेव्हापासून अ‍ॅप उघडलं की कधी पाय दिसतो, कधी "एकही डिव्हाइस सापडलं नाही". त्यातही विचित्र म्हणजे गाणं चालू असताना डिव्हाइस गायब होतं, गाणं वाजतच राहतं, पण आवाज कमी करायचा तर उठून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जावं लागतं. अ‍ॅप काढून परत टाकलं, दुसरं अ‍ॅप टाकून बघितलं, पायचं एसडी कार्ड नव्याने बनवलं, काही फरक नाही. परवा बाबा म्हणाले राहू दे रे, रेडिओ लावतो. ते मनाला फार लागलं म्हणून विचारतोय.

कोकणकडा, शनिवार रात्री ९:५८

टॅब फॅक्टरी रीसेट करून बघितलात का? माझ्या मावशीकडे असंच होतं, रीसेट केल्यावर नीट झालं. नाहीतर सरळ नवीन मेश राउटर घ्या, घर मोठं असेल तर रेंजचा प्रॉब्लेम असणार.

पेटीवाला, शनिवार रात्री १०:०५

इतकी खटपट कशाला, ब्लूटूथचा रिसीव्हर लावा अ‍ॅम्प्लिफायरला, टॅब जोडा, झालं काम.

सुरपेटी, शनिवार रात्री १०:२०

@पेटीवाला ब्लूटूथ करून बघितलंय. बाबा टॅब घेऊन गॅलरीत गेले की आवाज तुटतो, आणि गाणं टॅबमधून जात असल्याने टॅबची बॅटरी संपली की सगळं थांबतं. आत्ताच्या पद्धतीत टॅब फक्त रिमोट आहे, वाजवायचं काम पायचं, तेच मला टिकवायचंय.

@कोकणकडा घर दोन बीएचके आहे, रेंज सगळीकडे फुल. रीसेटची तयारी आहे पण याद्या परत बनवायला दोन दिवस जातील, म्हणून आधी इथे विचारलं.

नाशिकचा_तारवाला, शनिवार रात्री ११:१२

रीसेट अजिबात करू नका, नवीन काही विकतही घेऊ नका. मी नेटवर्किंगमध्येच नोकरी करतो, लोक अशा वेळी आधी अ‍ॅपवर राग काढतात पण अ‍ॅप बिचारं बहुतेक वेळा बरोबर असतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे शोधणं आणि दुसरं म्हणजे बोलणं. अ‍ॅप उघडल्यावर ते घरच्या नेटवर्कवर हाक मारतं की बाबांनो कोण कोण आहे, पाय ओ देतो आणि स्वतःचा पत्ता सांगतो, हे झालं शोधणं. त्यानंतर प्ले, पॉज, आवाज हे सगळं थेट त्या पत्त्यावर जातं, ते बोलणं. आणि गाण्याचा डेटा तर तुमच्या केसमध्ये पायच्याच डिस्कवरून पायच घेतोय, म्हणून अ‍ॅपला डिव्हाइस दिसेनासं झालं तरी गाणं चालू राहतं. तर आधी ठरवायचं की बिघडलंय काय, हाक पोचत नाहीये की रस्ताच बंद आहे.

त्यासाठी तीन गोष्टी सांगा. पहिली, नवीन फायबरच्या डब्याला स्वतःचं वायफाय आहे का, आणि तुमचा जुना राउटर त्याच्यापुढे अजून लावलेला आहे का. दुसरी, डिव्हाइस दिसत असताना आणि दिसत नसताना, दोन्ही वेळा टॅबचा आयपी अ‍ॅड्रेस वायफाय सेटिंगमध्ये जाऊन लिहून घ्या. तिसरी, पायचा आयपी. अंदाजाने नको, बघून लिहा.

मस्कतकर, शनिवार रात्री ११:३०

तोवर एक सांगून ठेवतो, आयफोन किंवा आयपॅडवाले कोणी हा धागा वाचत असतील तर आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत लोकल नेटवर्क बघा. २०२० मध्ये आयओएस १४ आलं तेव्हापासून प्रत्येक अ‍ॅपला घरच्या नेटवर्कवर बघायची वेगळी परवानगी लागते, पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत नको म्हटलं की अ‍ॅपला काहीच दिसत नाही आणि परत विचारतही नाही. मी इथे मस्कतला चार दिवस राउटरशी झगडलो आणि शेवटी ते एक बटण निघालं. शिवाय फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून बघा, इकडे बऱ्याच जणांच्या फोनवर तो कायम चालू असतो आणि काही व्हीपीएन घरातल्या घरातली हाकसुद्धा बाहेरच नेतात.

सुरपेटी, रविवार सकाळी ८:१५

@नाशिकचा_तारवाला दादा, सकाळी उठून लिहून काढलं.

डबा आणि राउटर दोन्ही आहेत. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने फायबरच्या डब्यातून केबल माझ्या जुन्या राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरचं इंटरनेट येतं ते पोर्ट) दिली. आणि दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवला, म्हणाला तुम्हाला परत कुठे बदलायला नको.

डिव्हाइस दिसतं तेव्हा टॅबचा आयपी १९२.१६८.०.१४. दिसत नाही तेव्हा १९२.१६८.१.२३. पायचा १९२.१६८.०.१०, तो केबलने स्विचला (केबलची जास्तीची पोर्ट देणारं उपकरण) आणि स्विच माझ्या राउटरला.

लिहितानाच लक्षात आलं की शून्य आणि एक वेगळं आहे, पण याचा नेमका अर्थ काय?

नाशिकचा_तारवाला, रविवार सकाळी ९:०२

मिळालं. घरात दोन नेटवर्क आहेत आणि दोघांचं नाव एकच. फायबरचा डबा १९२.१६८.१ वाले पत्ते वाटतोय, तुमचा राउटर १९२.१६८.० वाले. टॅब ज्याचा सिग्नल जोरात त्याला चिकटतो, म्हणजे बाबा हॉलच्या एका कोपऱ्यात बसले तर तुमच्या राउटरला आणि दाराजवळ आले तर फायबरच्या डब्याला. डब्याला चिकटला की पाय दुसऱ्या राउटरच्या मागे, भिंतीपलीकडे. तिथून हाक तर पोचत नाहीच, थेट पत्ता टाकला तरी जाणार नाही, कारण राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, ते त्याचं कामच आहे. गाणं चालू असताना गायब व्हायचं कारणही हेच, टॅबने मधेच उडी मारली.

उपाय, तुमच्या राउटरला राउटरचं काम करू देऊ नका, फक्त वायफाय आणि स्विच म्हणून वापरा. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि राउटर रीस्टार्ट करा. नसेल तर डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि डब्याकडून येणारी केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये लावा. मग पत्ते वाटणारा एकच राहील, तो डबा. नाव दोन्हीकडे एकच असलं तरी मग हरकत नाही, टॅब कुठेही चिकटला तरी नेटवर्क तेच.

पायला डब्याच्या डीएचसीपीमध्ये पत्ता राखून ठेवा, म्हणजे रोज बदलणार नाही. आणि डब्यात वायफाय आयसोलेशन किंवा गेस्ट असं काही चालू आहे का बघा. ते चालू असेल तर एकाच वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

तांबडा_पांढरा, रविवार सकाळी ११:४०

मधेच विचारतो, वेगळा धागा काढायला हवा होता पण विषय जवळचा आहे. आमच्या कोल्हापूरच्या घरी डीएलएनएवर एक गाणं संपलं की पुढचं लागत नाही. फोन हातात घेऊन स्क्रीन चालू केली की लगेच लागतं. हेही नेटवर्कचंच का?

नाशिकचा_तारवाला, रविवार दुपारी १२:१०

नाही, तुमचं वेगळं आहे. साध्या डीएलएनएमध्ये रेंडररला एकच गाणं माहीत असतं, पुढचं कोणतं ते अ‍ॅपला माहीत असतं आणि अ‍ॅप फोनवर आहे. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला अ‍ॅपला झोपवतो, गाणं संपतं आणि पुढचं द्यायला कोणी जागं नसतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला अनरिस्ट्रिक्टेड करा. कायमचा इलाज हवा असेल तर यादी वाजवणाऱ्याकडेच राहील अशी पद्धत वापरा, म्हणजे ओपनहोम किंवा सरळ एमपीडीचं क्लायंट अ‍ॅप. एमपीडीत रांग पायवरच असते, फोन बंद करून झोपलात तरी आठ तास वाजत राहील.

तांबडा_पांढरा, रविवार दुपारी १२:५५

अनरिस्ट्रिक्टेड केलं, सलग पाच गाणी लागली. लई उपकार झाले दादा. आईच्या भजनांत रोज खंड पडायचा.

सुरपेटी, सोमवार रात्री १०:३०

काल संध्याकाळी अ‍ॅक्सेस पॉइंट मोड केला. पायला १९२.१६८.१.१० राखून दिला. घरातलं प्रत्येक उपकरण आता १९२.१६८.१ मध्ये आहे, एकेक तपासलं. आयसोलेशन बंदच होतं.

पण दादा, आता नवीनच सुरू झालंय. पाय रीस्टार्ट केला की टॅबवर लगेच दिसतो, थोडा वेळ छान चालतं, मग अ‍ॅप बंद करून उघडलं की काहीच नाही. आणि यावेळी टॅब कोणत्या कोपऱ्यात आहे त्याने काही फरक पडत नाही. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की बायकोच्या आयफोनवर एअरप्लेमध्ये तोच पाय कायम दिसतोय, एकदाही गायब नाही. म्हणजे अँड्रॉइडचाच दोष का?

कोकणकडा, सोमवार रात्री १०:४२

बघा, मी म्हणालो होतो टॅबच बघा म्हणून. आयफोनवर दिसतंय म्हणजे नेटवर्क चांगलं आहे.

नाशिकचा_तारवाला, सोमवार रात्री ११:२०

@कोकणकडा तुमचा तर्क कुणालाही पटेल असाच आहे, पण इथे तो फसवतो, आणि मला उलट हीच खूण सगळ्यात मोलाची वाटतेय.

@सुरपेटी दोन कामं करा. टॅबवर एमपीडीचं एखादं क्लायंट अ‍ॅप टाका, त्यात शोधायला न लावता पत्ता हाताने भरा, १९२.१६८.१.१० आणि पोर्ट ६६००. डीएलएनए गायब असताना हे चालतं का ते सांगा. दुसरं, पाय रीस्टार्ट करा आणि घड्याळ लावून बघा की डीएलएनए किती वेळाने गायब होतं. साधारण नको, मिनिटं सेकंद हवेत. आणि तो स्विच कोणता, साधा की सेटिंगवाला?

सुरपेटी, मंगळवार सकाळी ७:५०

एमपीडीचं अ‍ॅप पत्ता टाकल्याबरोबर जोडलं गेलं, डीएलएनए गायब असतानाही प्ले, पॉज, आवाज सगळं चालतं.

वेळ तीनदा मोजला, दर दहा सेकंदांनी अ‍ॅपमध्ये रिफ्रेश करत. तिन्ही वेळा चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. इतकं ठरलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

स्विच आठ पोर्टचा आहे, सेटिंगवाला. कॅमेरे लावले तेव्हा त्या माणसाने बसवला होता. त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं पण मी कधी हात लावला नाही.

नाशिकचा_तारवाला, मंगळवार सकाळी ९:१५

चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद. हा आकडा ऐकूनच मला खात्री झाली, आता नीट सांगतो कारण हे कळलं की पुढे कधी अडणार नाही.

हाक मारण्याच्या दोन पद्धती आहेत. एअरप्ले, कास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट ही मंडळी एमडीएनएस वापरतात, त्यांची हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते, पोर्ट ५३५३. डीएलएनए वापरतं एसएसडीपी, त्याची हाक २३९.२५५.२५५.२५० वर, पोर्ट १९००. हे पत्ते कुणा एका उपकरणाचे नसतात, गटाचे असतात. ज्याला ऐकायचंय तो गटात नाव नोंदवतो.

तुमच्या स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय चालू असणार. तो नोंदी ऐकतो आणि गटाची हाक फक्त नोंद असलेल्या पोर्टवर पाठवतो, बाकीच्यांना उगाच त्रास नको म्हणून. कॅमेऱ्यांसाठी ते चांगलंच. पण नोंद कायमची नसते. नेटवर्कमध्ये कोणीतरी एक जण, त्याला क्वेरिअर म्हणतात, साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो की कोण कोण अजून ऐकतंय, मग उपकरणं परत हजेरी देतात. दोन फेऱ्या हजेरी आली नाही आणि वर दहा सेकंद गेले की स्विच नाव काढून टाकतो. दोनदा १२५ आणि १० म्हणजे २६०.

आधी हे हजेरी घेण्याचं काम बहुधा तुमचा राउटर करत होता. मी तुम्हाला त्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट करायला लावला आणि ते काम बंद पडलं, फायबरचा डबा ते करत नसावा. म्हणजे हा दुसरा बिघाड माझ्या सल्ल्याने झाला, तेव्हाच विचारायला हवं होतं की स्विच कसला आहे. पाय रीस्टार्ट झाला की स्वतःहून नाव नोंदवतो, २६० सेकंद दिसतो, मग स्विचच्या लेखी नाहीसा. टॅबची हाक त्याच्यापर्यंत जातच नाही. एमपीडी चालतं कारण तिथे हाक नाही, थेट पत्ता आहे.

आणि आयफोनचं उत्तर, २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते घरापुरते मानले जातात आणि स्नूपिंग करणारे स्विच ते सहसा अडवत नाहीत, सगळीकडे सोडतात. म्हणून एअरप्ले टिकलं आणि डीएलएनए गेलं. टॅब आणि आयफोन यांचा संबंधच नाही. बायकोच्या फोनवर डीएलएनएचं अ‍ॅप टाकलंत तर तिथेही पाय दिसणार नाही.

स्विचच्या पानावर जा, आयजीएमपी स्नूपिंग शोधा. तिथे क्वेरिअर चालू करायची सोय असेल तर ती करा. नसेल तर स्नूपिंगच बंद करा, घरातल्या दहा-पंधरा उपकरणांना त्याने काही होत नाही. फक्त कॅमेरे मल्टिकास्टवर (म्हणजे अशाच गटाच्या पत्त्यावर) नाहीत ना ते कॅमेरेवाल्याला विचारून घ्या, असतील तर क्वेरिअरचाच मार्ग.

पेटीवाला, मंगळवार सकाळी १०:०५

पंधरा वर्षं कॉम्प्युटर वापरतोय पण हे कोणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. माझ्याकडेही टीव्हीवर डीएलएनए असंच पाच मिनिटांत जातं, मी टीव्ही खराब समजून बसलो होतो. आज स्विच बघतो.

सुरपेटी, मंगळवार रात्री ९:२५

स्विचच्या पानात क्वेरिअर नव्हता, स्नूपिंग चालू होतं. कॅमेरेवाल्याला फोन केला, तो म्हणाला कॅमेरे थेट रेकॉर्डरला जातात, बंद करा बिनधास्त. संध्याकाळी साडेसहाला बंद केलं आणि सेव्ह केलं. आत्ता जवळजवळ तीन तास झाले, दर थोड्या वेळाने अ‍ॅप बंद करून उघडतोय, पाय प्रत्येक वेळी जागेवर. बायकोच्या फोनवर स्नूपिंग बंद करण्याआधी डीएलएनएचं अ‍ॅप टाकून बघितलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच, दिसत नव्हता. आता दिसतो.

दादा, तुमच्या सल्ल्याने बिघडलं वगैरे मनात आणू नका, आधीचं दोन नेटवर्कचं सोडवल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

एक शेवटचं विचारतो. लाइट जाऊन आली की कधी कधी पाय अ‍ॅपमध्ये येत नाही, हाताने रीस्टार्ट करावा लागतो. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा जाते. फायबरचा डबा आणि पाय एकाच बोर्डावर आहेत.

नाशिकचा_तारवाला, मंगळवार रात्री १०:४०

पाय लवकर उठतो, डबा उशिरा. पायला पत्ता द्यायला कोणी नसतं म्हणून तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, आणि डीएलएनएची सर्व्हिस त्या पत्त्याला चिकटून बसते, मागून खरा पत्ता मिळाला तरी ती जुनाच धरून राहते. पायमध्येच पक्का पत्ता लिहून टाका, राखून ठेवलेला तोच, १९२.१६८.१.१०, म्हणजे डब्याची वाट बघावी लागणार नाही. आणि डब्याला १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर वीज देणारी बॅटरी) मिळतो तो लावा, डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या. पायलाही जमलं तर बॅकअप द्या, अचानक लाइट गेल्याने एसडी कार्ड खराब होतात. कार्डाची एक प्रत काढून ठेवा, आणि त्या ३०० तासांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे ना? नसेल तर यूपीएसच्या आधी ते करा, कॅसेट परत भरता येतीलच असं नाही.

तांबडा_पांढरा, मंगळवार रात्री १०:५५

कॅसेटवरून आठवलं, माझ्या जुन्या सीडीतल्या एमपीथ्रीची नावं अ‍ॅपमध्ये नुसती चिन्हं दिसतात. ती श्रीलिपीच्या (जुन्या मराठी फाँटच्या) काळातली आहेत. ती नेटवर्कमुळे नाहीत ना?

नाशिकचा_तारवाला, मंगळवार रात्री ११:१०

नाही, ती युनिकोडच्या आधीची आहेत. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचे, तो फाँट नसला की चिन्हंच दिसणार. टॅग नव्याने युनिकोडमध्ये लिहावे लागतील, कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं तपासून घ्या.

सुरपेटी, शुक्रवार सकाळी ७:१०

पक्का पत्ता टाकला. काल दुपारी लाइट जाऊन आली, पाय आपोआप अ‍ॅपमध्ये आला, हात लावावा लागला नाही. दुसरी डिस्क मागवली आहे, सध्या महत्त्वाच्या ४० कॅसेट लॅपटॉपवर कॉपी केल्यात.

आज सहाला मी झोपेत होतो, हॉलमधून तानपुरा ऐकू आला. बाबांनी टॅब स्वतः उघडून ललत लावला होता, आवाजही त्यांनीच खाली केला, मला उठवायला नको म्हणून.

कुणाला स्विचच्या पानावर ते सेटिंग सापडत नसेल तर माझ्याकडे ते स्विचिंगच्या खाली होतं, मल्टिकास्ट नावाने नव्हतं. आणि बंद केल्यावर सेव्ह वेगळं दाबावं लागतं, नाहीतर लाइट गेली की परत चालू होतं.